कुदळीचा दांडा

रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू झाले की आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या दारात रांग लागते. असरच्या नमाजनंतर बायका, म्हातारे, लेकरं पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना बसतात. आतून बाहेर पडणारा प्रत्येक जण खिशात हात घालतो. कोणी दहाची नोट देतो, कोणी पन्नासची. घाईत दिलेल्या नोटेकडे देणारा पाहत नाही आणि घेणाराही देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत नाही. याच दिवसांत घरोघरी जकातचा हिशेबही होतो. वर्षभर जवळ राहिलेली रोकड, सोनेनाणे, दुकानातला माल यांची बेरीज करायची, देणी वजा करायची आणि उरलेल्या रकमेचा अडीच टक्के भाग गरजूंना द्यायचा. ईदच्या नमाजआधी फित्राही द्यायचा असतो. म्हणजे ईदच्या दिवशी कोणाच्याही घरी चूल थंड राहू नये.

या रांगेकडे पाहताना मला दरवर्षी बाबा आमटे आठवतात. दानाने माणूस खचतो आणि कामाने उभा राहतो, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. कुष्ठरोग्याला भीक नको, संधी हवी, यावर त्यांनी सगळे काम उभे केले. रमजानच्या पानावर हे वाक्य लिहिणे थोडे अवघड आहे. हा महिनाच मुळी देण्याचा. मग बाबा आमटे म्हणतात ते आणि आपला दीन सांगतो ते, यांत विरोध आहे का? हा प्रश्न मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पडला होता. तोही पुस्तक वाचताना पडला नव्हता, चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतावर घमेले उचलताना पडला होता. आज त्याबद्दल सांगतो.

चौदा रुपये आणि एक लंगडी गाय

आनंदवनाची सुरुवात मराठी वाचकाला ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगितली पाहिजे. १९५१ साली वरोऱ्याजवळची पन्नास एकर खडकाळ, झुडपांनी भरलेली जमीन सरकारने महारोगी सेवा समितीला दिली. तिथे बाबा आणि साधनाताई, त्यांची दोन लहान मुले, सहा कुष्ठरोगी आणि एक लंगडी गाय अशी मंडळी राहायला गेली. हातात चौदा रुपये होते. उद्घाटनाला विनोबा आले होते. साप, विंचू आणि वाघाची भीती हे तिथले रोजचे जगणे होते. पहिली गरज पाण्याची होती. विहीर खणायची तर माणसे कोणती? ज्यांच्या हाताची बोटे झडली आहेत, ज्यांच्या पायांना जखमा आहेत, तीच. त्यांनीच विहीर खणली आणि त्यांनीच जमीन साफ केली. पुढे भाजीपाला पिकू लागला, तेव्हा तो विकत घ्यायला सुरुवातीला कोणी तयार नव्हते. रोग्याच्या हातची भाजी घरात कोण आणणार?

ही भीती मोडायला एका वेगळ्याच पाहुण्यांची मदत झाली. ते पाहुणे परदेशातून आले होते आणि त्यांनी सोबत पैसे आणले नव्हते. ते काम करायला आले होते.

व्हर्डूनपासून वरोऱ्यापर्यंत

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या व्हर्डूनच्या परिसरात लाखो सैनिक मेले. गावेच्या गावे मातीला मिळाली. युद्ध संपल्यावर पिएर सेरेसोल नावाचा एक स्विस इंजिनिअर १९२० च्या अखेरीस काही स्वयंसेवक घेऊन तिथल्या एस्न या गावी गेला. सेरेसोलचे वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होते. मुलाने मात्र हातात फावडे घेतले. पडलेल्या घरांचा राडारोडा उचलायचा, रस्ते नीट करायचे, तात्पुरते निवारे उभे करायचे, असे त्यांचे काम होते. या तुकडीत जर्मन तरुणही होते. ज्या देशाच्या तोफांनी हे गाव पाडले, त्याच देशाची पोरे ते बांधायला आली होती. गावकऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना हे पचणे सोपे नव्हते. काही महिन्यांतच काम आवरते घ्यावे लागले. पण त्यातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संस्था उभी राहिली. वेगवेगळ्या देशांतल्या तरुणांनी एकत्र येऊन, एका जागी छावणी टाकून, अंगमेहनतीने पडझड दुरुस्त करायची, ही तिची पद्धत.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. तेव्हा हाच सेरेसोल आपल्या सोबत्यांना घेऊन मुझफ्फरपूरकडे आला. राजेंद्रप्रसाद यांच्या पुढाकाराने चाललेल्या मदतकार्यात त्याने गावे नव्याने वसवण्याचे काम केले. तो गांधीजींनाही भेटला. हिंदुस्थानशी जुळलेला हा धागा पुढे तुटला नाही. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला या संस्थेचे अनेक देशांतले तरुण सेवाग्रामला आले होते. तिथून ते आनंदवनात आले, काही महिने राहिले आणि दवाखान्याच्या पहिल्या पक्क्या इमारती बांधायला त्यांनी हात लावला.

या कथेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट इमारतीची नाही. हे तरुण कुष्ठरोग्यांच्या शेजारी उभे राहून विटा उचलत होते आणि त्यांच्या शेतातले अन्न खात होते. वरोऱ्याच्या लोकांनी ते पाहिले. हजार भाषणांनी जी भीती गेली नसती, ती हे पाहून ओसरू लागली. त्यांनी आनंदवनाला देणगी पाठवली असती तर इमारत कदाचित उभी राहिली असती, पण गावातली भाजी तशीच पडून राहिली असती.

सोमनाथची छावणी

१९६७ साली बाबांनी चंद्रपूर जिल्ह्यातच, मूल तालुक्यात मारोड्याजवळ सोमनाथ प्रकल्प सुरू केला. जंगलाला लागून असलेली ही जमीन. बरे झालेले कुष्ठरोगी ती कसतात आणि तिथेच राहतात. औषधांनी रोग बरा होतो, पण गाव आणि घर परत मिळतेच असे नाही. अशा माणसांनी इथे भात पिकवला, तळी केली, बांध घातले.

बाबांच्या मनात इथे श्रमिक विद्यापीठ उभे करायचे होते. शिकलेल्या पोरांनी इथे यावे, शेतकऱ्याबरोबर आणि मजुराबरोबर राबावे, शिकावे, अशी कल्पना होती. विद्यापीठ जसे हवे होते तसे झाले नाही. त्यातून मागे राहिली ती श्रमसंस्कार छावणी. दरवर्षी मे महिन्याच्या मध्याला आठवडाभर महाराष्ट्रातून आणि बाहेरून शेकडो तरुण सोमनाथला जमतात. पहाटे उठायचे, उन्हे चढायच्या आत श्रमदान करायचे, दुपारी सावलीत वक्त्यांना ऐकायचे, प्रश्न विचारायचे, वाद घालायचे आणि संध्याकाळी गाणी म्हणायची. पुढे महाराष्ट्रातल्या किती तरी सामाजिक चळवळींना इथून माणसे मिळाली. २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथे प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांच्याबरोबर राहायला जी तरुण मंडळी गेली, त्यांतही सोमनाथची वाट चालून आलेले होते. जंगल साफ करून तिथल्या पहिल्या झोपड्या उभ्या करायला आनंदवनातली बरी झालेली माणसे गेली होती.

छावणीतले काम साधे असते. पावसाच्या पाण्याने फुटलेला बांध पुन्हा रचायचा. उतारावर समतल चर खणायचे, म्हणजे माती वाहून जात नाही. गाळ भरलेल्या तळ्यातून गाळ काढायचा. बैलगाडीच्या चाकोऱ्यांनी खचलेल्या रस्त्यावर मुरूम टाकायचा. शेतातले दगड वेचून कडेला लावायचे. झाडांसाठी खड्डे घेऊन ठेवायचे. मे महिन्यात हे झाले की जूनच्या पहिल्या पावसाचा उपयोग होतो.

मे महिन्यातला रोजा

मी कॉलेजात होतो. ऐंशीचे दशक संपत आले होते. आमच्या एनएसएसच्या सरांनी आठ-दहा मुलांची नावे सोमनाथसाठी लिहून घेतली, त्यात माझेही घातले. घरी सांगितले तेव्हा अम्मी म्हणाली, “रोजे चल रैं और तू धूप में पत्थर उठाने जारा?” त्या वर्षी रमजान मे महिन्यात आला होता. आपला महिना चंद्रावर चालतो, त्यामुळे तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. २०१९ मध्ये तो पुन्हा मे महिन्यात आला. यंदा तर थंडी संपता संपता आला आहे. आजच्या मुलांना त्या उन्हाळी रोजांची कल्पना यायची नाही.

अब्बा जास्त बोलले नाहीत. “मुसाफिर को छूट है. उसका खयाल रख,” एवढेच म्हणाले. मी ऐकले नाही. एकोणिसाव्या वर्षी सूट घेणे कमीपणाचे वाटते. शिवाय सोबत सगळी हिंदू मुले. त्यांच्यासमोर रोजा सोडला तर काय म्हणतील, हा विचार होताच. अल्लाहसाठी ठेवलेल्या रोजात माणसे किती गुपचूप येऊन बसतात, हे तेव्हा कळले नाही.

सोलापूरहून दोन गाड्या बदलून आम्ही चंद्रपूरला उतरलो, तिथून एसटीने मूल आणि पुढे सोमनाथ. मे महिन्यातला चंद्रपूर म्हणजे काय ते विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको. सोलापूरचे ऊन मला सवयीचे होते, हे त्याच्याही पलीकडचे होते. पहिले दोन दिवस निभावले. पहाटे इतर उठायच्या आधी उठून रात्रीची भाकरी आणि गूळ खायचा, दोन तांबे पाणी प्यायचे, नमाज पढायची आणि मग सगळ्यांबरोबर कामावर जायचे. आमच्या तुकडीकडे फुटलेल्या बांधाचे काम होते. साखळी करून दगड द्यायचे, घमेली फिरवायची. नऊ वाजेपर्यंत ओठ चिकटायचे. दुपारी व्याख्यान कोणाचे होते हे आठवत नाही, कारण मी मागच्या भिंतीला टेकून झोपलेला असायचो.

तिसऱ्या दिवशी घमेले डोक्यावर असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. घमेले पडले, मीही बसलो. मुले धावली. कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला, मी मानेनेच नको म्हटले. तेवढ्यात बांधाच्या वरच्या अंगाला बसलेले एक काका म्हणाले, “इकडं सावलीत आणा त्याले.”

हे काका तिथलेच रहिवासी. तरुणपणी रोग झाला, गावाने बाहेर काढले, नंतर बरे झाले आणि इथेच राहिले. वय साठच्या पुढे असावे. उजव्या हाताची दोन बोटे अर्धी होती, डाव्या हाताची बहुतेक बोटे आखडलेली. त्यांचे नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडले असते की नाही, हे आता विचारता येणार नाही.

ते कुदळींना दांडे बसवत होते. शिबिरात शंभर पोरे कुदळी चालवतात, त्यातली निम्मी पहिल्यांदाच. रोज दहा-पंधरा दांडे मोडायचे किंवा ढिले व्हायचे. काका सावलीत बसून ते दुरुस्त करायचे. त्यांनी मला शेजारी बसवले, थोड्या वेळाने हातात एक दांडा दिला आणि म्हणाले, “बसल्या बसल्या हे कर.”

तो दिवस मी दांडे तासले. धावड्याचे लाकूड होते. कुदळीच्या भोकात जेमतेम शिरेल इतकाच दांडा तासायचा, जास्त तासला तर गेला. मग तो ठोकून बसवायचा, पाचर मारायची आणि रात्रभर पाण्यात ठेवायची, म्हणजे लाकूड फुगून घट्ट धरते. मी पाचर वाकडी मारली की काका म्हणायचे, “असं नाई, इकडून ठोक.” अर्ध्या बोटांच्या हाताने ते हातोडी अशी धरायचे की मला दहा बोटांनी तसे जमत नव्हते.

बोलता बोलता त्यांनी विचारले, “तुमच्यात काई सूट नाई का रे?”

“आहे. प्रवाशाला आहे. नंतर तेवढे रोजे भरून द्यायचे.”

“मग घेत काऊन नाई?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. काका थोडा वेळ पाचर ठोकत राहिले. मग म्हणाले, “देनाऱ्यानं सूट देली अन् आपण घेतली नाई, तर त्याले वाईट नाई वाटत का?”

मी दुसऱ्या दिवशीपासून रोजे सोडले. राहिलेले रोजे डिसेंबरच्या लहान दिवसांत भरून दिले. अल्लाहने दिलेली सवलत बंद्याने घ्यावी हे अल्लाहला आवडते, अशा अर्थाची हदीस खूप वर्षांनी वाचनात आली. तेव्हा मला कोणा आलिमच्या आधी काका आठवले.

बांध कोणी बांधला?

रोजे सोडल्यावर मी पुन्हा बांधावर गेलो. पण दुपारी जेवणानंतर काकांकडे जाऊन बसायची सवय लागली. एका संध्याकाळी पाहिले तर काका आणि आणखी तिघे रहिवासी आमच्या बांधाचे दगड काढून पुन्हा लावत होते. आम्ही सकाळभर रचलेला भाग त्यांनी जवळजवळ सगळा उसकटला होता. आम्ही सांध्यावर सांधा आणला होता, मोठे दगड वर आणि लहान खाली ठेवले होते, फटींत चिपा भरल्या नव्हत्या. पहिल्याच पावसात तो बांध गेला असता.

मला फार वाईट वाटले. आम्ही आठ दिवस घाम गाळायचा, परत जाताना ‘सेवा केली’ म्हणून छाती फुगवायची आणि यांनी आमच्या मागे आमचे काम निस्तरायचे? मग आमचा उपयोग काय? मी काकांना तसे विचारलेही.

ते म्हणाले, “तुमी येता बांध घालायले. आमी बसतो तुमाले शिकवायले. सालभर आमाले कोन काय विचारते?”

त्या रात्री कंदिलाच्या उजेडात काका आपले तळहात उलटेपालटे करून पाहत बसले होते. आम्हां पोरांच्या हाताला फोड आले की आम्ही ओरडायचो. कुष्ठरोगात नसा मरतात, हाताला संवेदना राहत नाही. रोग बरा झाला तरी ती परत येत नाही. फोड आला, चिरले, भाजले तरी कळत नाही. जखम चिघळते आणि मग बोट जाते. म्हणून रोज रात्री हात-पाय डोळ्यांनी तपासायचे. “मले दुखत नाई,” काका म्हणाले, “म्हणून पाहावं लागते.” आठवडाभर ते रोज आमच्याबरोबर राबले होते आणि रोज रात्री अशी तपासणी केली होती. आमच्यातल्या कोणाला ते ठाऊक नव्हते.

बाबा आमटे यांच्या बोलण्याचा अर्थ मला तिथे थोडा उलगडला. सोमनाथला आम्ही देणारे आणि ते घेणारे, अशी मांडणीच नव्हती. जमीन त्यांची, हत्यारे त्यांची, कसब त्यांचे. आम्ही दोन हात घेऊन गेलो होतो आणि तेही कच्चे. माणसाला मदत करायची तर त्याच्या हाताखाली उभे राहूनही करता येते. पूर्वी मदत म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे खाली वाकलेला माणूस यायचा. त्या आठवड्यानंतर तसे झाले नाही.

कुऱ्हाडीची हकिकत

मग आपल्या दीनचे काय? जकात आणि सदका यांना बाबांचे म्हणणे लागू पडते का?

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात एक हकिकत आहे. मदिनेतला एक अन्सारी माणूस प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मागायला आला. घरात काय आहे, असे त्यांनी विचारले. एक जाडे कापड आहे, अर्धे पांघरतो, अर्धे अंथरतो, आणि पाणी प्यायला एक लाकडी वाडगा आहे, असे तो म्हणाला. प्रेषितांनी दोन्ही वस्तू मागवल्या आणि तिथे बसलेल्या लोकांत त्यांचा लिलाव केला. एकाने एक दिरहम सांगितला, दुसऱ्याने दोन. दोन दिरहम आले. एक घरच्या खाण्यासाठी दे, दुसऱ्याची कुऱ्हाड आण, असे त्यांनी त्या माणसाला सांगितले. तो कुऱ्हाडीचे पाते घेऊन आला. प्रेषितांनी स्वतःच्या हाताने तिला दांडा बसवला आणि म्हणाले, जा, लाकडे तोड, वीक, आणि पंधरा दिवस मला दिसू नकोस. पंधरा दिवसांनी तो आला तेव्हा त्याच्याजवळ दहा दिरहम होते. त्याने कपडे आणि धान्य घेतले.

ही हकिकत मी प्रथम वाचली तेव्हा बराच वेळ पुढचे पान उलटले नाही. ज्यांच्या एका शब्दावर मदिनेतली माणसे आपली मिळकत देत होती, त्यांनी त्या माणसाला दोन दिरहम सहज देता आले असते. ते दिले नाहीत. त्याच्याच घरातली वस्तू विकून त्याचेच भांडवल केले आणि त्यात आपला वाटा टाकला तो हाताच्या कामाचा, एका दांड्याचा.

असे प्रसंग पुष्कळ आहेत. मदिनेत आल्यावर मशिदीसाठी कच्च्या विटा वाहून नेणाऱ्यांत प्रेषित (स.) स्वतः होते. खंदकाच्या लढाईच्या वेळी, हिजरी सन ५ मध्ये, सलमान फारसी यांच्या सल्ल्याने मदिनेबाहेर खंदक खणला गेला, तेव्हा उपाशीपोटी माती वाहणाऱ्यांत ते होते. आणि सदका म्हणजे नुसता पैसा नव्हे, हे तर त्यांनी वारंवार सांगितले. वाटेतला काटा बाजूला करणे हा सदका आहे. कोणाला जनावरावर बसायला, ओझे चढवायला हात देणे हा सदका आहे. झाड लावले आणि त्याचे फळ माणसाने, पाखराने, जनावराने खाल्ले, तर तोही लावणाऱ्याचा सदका. ज्याच्याजवळ द्यायला काहीच नाही त्याने काय करावे, असे विचारले गेले, तेव्हा उत्तर होते की त्याने हाताने काम करावे, स्वतःचे भागवावे आणि त्यातून द्यावे.

जकातचेही तेच. पवित्र कुरआनने तिचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यात गरीब आणि निराधार आहेत, तसा कर्जाखाली दबलेला आहे आणि गुलामीतून सुटू पाहणाराही आहे. कर्जदाराला फेडून मोकळे करणे आणि गुलामाला सोडवणे म्हणजे त्याला पुन्हा मागायला लागू नये याची व्यवस्था. रांग दरवर्षी तेवढीच राहावी, हा जकातचा हेतू नाही.

म्हणून बाबा आमटे आणि आपला दीन यांच्यात विरोध आहे, असे मला आता वाटत नाही. भुकेल्याला आज जेवण द्यावेच लागते. त्या अन्सारी माणसाचाही पहिला दिरहम घरच्या अन्नावर खर्च झाला. तो टाळून कुऱ्हाड आणली नव्हती. पण एक दिरहम अन्नाला आणि एक कुऱ्हाडीला, हे प्रमाण आपण विसरलो. आपले दोन्ही दिरहम मशिदीच्या पायरीवर संपतात.

ईदच्या आधीचा एक रविवार

हे लिहिताना कोणाला दोष द्यायचा नाही. मीही त्याच पायऱ्या उतरतो आणि घाईत नोट देतो. पण प्रत्येक गावात करण्यासारखे काही असते. बहुतेक गावांत ईदगाहचे मैदान वर्षातून दोनदाच उघडते. ईदच्या आदल्या दिवशी मजूर लावून गवत काढतात आणि उरलेले वर्ष तिथे काटेरी बाभळी वाढतात. कब्रस्तानाची भिंत पडलेली असते, पावसाचे पाणी कबरींत शिरते. यतीमखान्याच्या अंगणात चिखल असतो, शौचालयाचे दार निखळलेले असते, नळ गळत असतो. गावाबाहेरच्या वस्तीकडे जाणारी पाणंद खचलेली असते आणि तिच्यावरून सगळ्याच जातीधर्मांची पोरे शाळेत जातात. सदका कोणासाठीही करता येतो, त्याला धर्माची अट नाही.

यातले कोणतेही एक काम घ्यावे. ईदच्या आधीचा एक रविवार, सहरीनंतरचे दोन तास, ऊन चढायच्या आत. ज्याला रोजात झेपत नाही त्याने ईदनंतरचा रविवार धरावा, सूट आहेच. पण सोमनाथला शिकलेल्या दोन गोष्टी सोबत ठेवाव्यात. पहिली, ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांना आधी विचारावे आणि शक्य तर त्यांनाच मुकादम करावे. यतीमखान्यातल्या मोठ्या मुलांना गळका नळ कोणता ते आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. वस्तीतल्या गवंड्याला पाणंदीत मुरूम कुठे टिकेल ते कळते. त्यांच्या हाताखाली काम करावे. दुसरी, काम नीट करावे. आपण गेल्यावर कोणाला ते उसकटून पुन्हा करावे लागले, तर आपण मदत केली नाही, त्यांचा एक दिवस घेतला. आणि फोटो काढायचाच असेल तर दुरुस्त झालेल्या नळाचा काढावा.

काकांनी मला निघताना एक दांडा दिला होता. मीच तासलेला, पण भोकात न बसणारा. जास्त तासला गेलेला. “ठेव, आठवन म्हणून,” असे म्हणून हसले होते. अम्मीने तो अनेक वर्षे कपडे वाळत घालायच्या दोरीला टेकू म्हणून वापरला. अम्मी गेल्या, घर बदलले, पण दांडा अजून माझ्याजवळ आहे.

गेल्या वर्षी मशिदीच्या पायरीवर बसणाऱ्या एका बाईंना मी प्रथमच नाव विचारले. शिवणकाम येते, मशीन गहाण पडले आहे, असे त्या म्हणाल्या. आम्ही चार जणांनी जकातच्या पैशातून ते सोडवले. माझा त्यात वाटा एवढाच की पायडलचा पट्टा तुटला होता, तो मी बाजारातून आणून बसवला. दोनदा चुकीचा बसला. तिसऱ्या वेळी त्यांनीच हातातून घेतला आणि म्हणाल्या, “भाईजान, असं नाही, इकडून ओढायचा.”

यंदा त्या पायरीवर नाहीत. ईदचे कपडे शिवायला टाकलेल्या लोकांची त्यांच्या दारात गर्दी आहे.